चालक दंडाच्या सांध्याचे रबरी आवरण

मोटारगाडीतील दंतचक्र पेटीपासून चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या चालक दंडाच्या दोन्ही टोकांशी वाकू शकणारे सांधे असतात. या सांध्यांवर बसविलेल्या लवचिक, पोकळ व वळ्यावळ्यांच्या टोपणास रबरी आवरण म्हणतात. सांध्यातील वंगण बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरील धूळ, वाळू, चिखल व पाणी आत येऊ न देणे ही त्याची दोन कार्ये होत. त्याचा आकार लोहाराच्या भात्यासारखा असतो. दुरुस्तीशाळांत मात्र ‘बूट’ हाच शब्द रूढ आहे. आवरण हा तुलनेने स्वस्त भाग आहे. तथापि ते फाटले वा त्याची पकड सैल झाली, तर कठिनीकृत पोलादाचा महाग सांधा थोड्याच काळात निकामी होऊ शकतो. त्यामुळे आवरण योग्य रीतीने जखडणे हे चालक दंडाच्या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचे काम ठरते.

इतिहास : एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन दंडांमधून परिभ्रमण गती नेण्यासाठी फुलीच्या आकाराचा तुकडा असलेला सांधा दीर्घकाळ वापरात आहे. इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) व इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक (१६३५–१७०३) यांच्या नावांनी तो ओळखला जातो. या सांध्यात एक मूलभूत उणीव आहे. चालक बाजू एकसारख्या वेगाने फिरत असली, तरी चालित बाजूचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो. दंडांमधील कोन ३०° असेल, तर हा वेग मूळ वेगाच्या सु. ०.८७ पट ते १.१५ पट यांदरम्यान बदलतो. मागील चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीतील प्रचालक दंडाचा कोन लहान असल्याने हा दोष फारसा जाणवत नाही. पुढील चाके मात्र सुकाणूबरोबर वळवावी लागतात व त्यांना शक्तीही पुरवावयाची असते. अशा वेळी चाकाला हिसके बसतात, सुकाणू थरथरते व टायर झिजतात.

ही अडचण दूर करण्यासाठी स्थिरवेगी सांधे शोधण्यात आले. फ्रान्समध्ये पिएर फनाय व झां-आल्बेर ग्रेग्वार यांनी १९२६ मध्ये ‘त्राक्ता’ सांधा पुढे आणला. त्याच सुमारास अमेरिकेत आल्फ्रेड झेपा यांनी पोलादी गोळ्यांचा सांधा तयार केला. दुसऱ्या महायुद्धातील चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या लष्करी वाहनांत अशा सांध्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. त्या काळच्या जीपगाडीत पुढचे सांधे पोलादी गोलाकार पेटीत बंदिस्त असत. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी अभिकल्पित केलेली ‘मिनी’ ही छोटी गाडी बाजारात आली. तीत एंजिन आडवे ठेवून पुढील चाकांना शक्ती पुरविण्यात आली होती व चाकाकडील बाजूस झेपा प्रकारचा सांधा वापरला होता. चालक दंड उघडा ठेवून त्याच्या केवळ सांध्यावर रबरी आवरण चढविण्याची मांडणी यानंतर छोट्या गाड्यांत सार्वत्रिक झाली.

भारतात अँबॅसडर व मुंबईत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत मागील चाकांना शक्ती मिळे. त्यामुळे येथील कारागिरांना प्रामुख्याने फुलीचा सांधाच परिचित होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर स्थिरवेगी सांधा व त्याचे आवरण हे भाग गावोगावच्या दुरुस्तीशाळांत पोहोचले. १९९८ मध्ये सादर झालेली व पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे तयार होणारी टाटा इंडिका हीदेखील याच मांडणीची होती. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन पुढे थांबले. तथापि देशातील बहुतेक छोट्या मोटारगाड्यांत हीच मांडणी रूढ आहे.

सांध्यांची रचना : चालक दंडाच्या चाकाकडील टोकास बाह्य सांधा व दंतचक्र पेटीकडील टोकास आंतर सांधा असतो. बाह्य सांध्यात पेल्यासारखा बाहेरील भाग, ताऱ्याच्या आकाराचा आतील भाग, या दोहोंमधील वक्र खाचांत बसणारे सामान्यतः सहा गोळे आणि गोळ्यांना जागी ठेवणारा पिंजरा असतो. दोन दंडांमधील कोन कितीही बदलला, तरी सर्व गोळे त्या कोनास दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात. त्यामुळे दोन्ही दंडांचा कोनीय वेग प्रत्येक क्षणी समान राहतो. सुकाणू पूर्ण वळविले असता हा सांधा ४५° च्या आसपास वाकू शकतो.

आंतर सांध्याला एवढे वाकावे लागत नाही. मात्र चाक खड्ड्यात उतरताना वा उंचवट्यावर चढताना चालक दंडाची परिणामी लांबी बदलते, म्हणून हा सांधा आतबाहेर सरकणारा असावा लागतो. यासाठी परस्परांशी १२०° चा कोन करणाऱ्या तीन भुजांवर रूळ बसविलेला त्रिभुज सांधा पुष्कळदा वापरतात. बाह्य सांध्याच्या आवरणास मुख्यतः वाकण्याचा ताण सोसावा लागतो, तर आंतर सांध्याच्या आवरणास वाकण्याबरोबरच लांबणे व आखडणेही सहन करावे लागते. यामुळे दोन्ही आवरणांचे आकार भिन्न असतात आणि एकाच्या जागी दुसरे बसविता येत नाही.

आवरणावर येणारे ताण : चाकाचा परीघ १.७५ मी. धरल्यास ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीचा चालक दंड दर सेकंदास सु. १६ फेरे करतो. अक्षापासून ४ सेंमी. अंतरावरील ग्रीजवर या वेळी गुरुत्वाकर्षणाच्या सु. ४० पट इतके केंद्रोत्सारी बल कार्य करते. साहजिकच आवरणाच्या मोठ्या तोंडाशी किंचित फट असली, तरी तीतून ग्रीज बाहेर फेकले जाते. चिरलेले आवरण फिरू लागले, की चाकाच्या आतील बाजूस व निलंबनाच्या भागांवर काळ्या ग्रीजचा गोलाकार पट्टा उमटतो. फाटलेले आवरण ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय.

सांधा वाकलेला असताना आवरणाची प्रत्येक वळी दर फेऱ्यास एकदा उघडते व एकदा मिटते. एक लाख किमी. प्रवासात अशा उघडझापीची संख्या सु. ५ कोटी ७० लाख होते. याशिवाय हवेतील ओझोन, एंजिनाची उष्णता, उडणारे खडे व चिखल यांचाही मारा चालूच असतो. ओझोनामुळे ताणलेल्या रबरावर ताणाच्या दिशेशी काटकोनात बारीक भेगा पडतात. त्या बहुधा वळ्यांच्या तळाशी दिसू लागतात व गाडी सरळ उभी असताना घड्यांत लपून राहतात. म्हणून तपासणी करताना सुकाणू एका बाजूस पूर्ण वळवून वळ्या उघड्या करून पहाव्या लागतात.

पदार्थ : नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व ओझोनाने चिरते, त्यामुळे ते या कामास निरुपयोगी ठरते. अमेरिकेत १९३० मध्ये शोधून काढलेले पॉलिक्लोरोप्रीन म्हणजेच निओप्रीन हे संश्लिष्ट रबर तेल, ओझोन व हवामान यांना बऱ्यापैकी दाद देत नाही. आवरणांसाठी दीर्घकाळ तेच प्रामुख्याने वापरात होते. त्यानंतर ऊष्मामृदू पॉलिएस्टर स्थितिस्थापक बहुवारिकांचा वापर वाढला. ही द्रव्ये रबरापेक्षा कठीण व चिवट असतात, खड्यांच्या माऱ्याने सहजी फाटत नाहीत आणि वेगाने फिरताना फारशी फुगत नाहीत. अतिशय उष्ण जागी सिलिकोन रबर वापरतात. आवरण ज्या द्रव्याचे असेल त्यावर पकडीचा प्रकारही अवलंबून असतो. मऊ रबर थोड्या दाबानेही बैठकीवर घट्ट बसते, तर कठीण बहुवारिकास अधिक ताण देणारी पकड लागते. पहिल्यासाठी असलेली हलकी पट्टी दुसऱ्यावर वापरल्यास आवरण वरकरणी बसलेले दिसते, परंतु काही दिवसांतच ग्रीज पाझरू लागते.

पकडीमागील तत्त्व : आवरणाचे मोठे तोंड सांध्याच्या पेल्यावर व लहान तोंड दंडावर बसते. दोन्ही बैठकींवर खोबणी असून आवरणाच्या आतील कडा त्यांत अडकतात. आवरण जागच्या जागी राहते ते या अडकण्यामुळे. पट्टीचे काम रबरावर चोहोबाजूंनी सारखा दाब देण्याचे असते. हा दाब पट्टीतील ताणाशी सम प्रमाणात आणि पट्टीची त्रिज्या व रुंदी यांच्याशी व्यस्त प्रमाणात असतो. मोठ्या तोंडाचा व्यास ९ सेंमी. व लहान तोंडाचा २.५ सेंमी. असेल, तर पट्ट्यांची रुंदी समान असताना सारखाच दाब मिळण्यासाठी मोठ्या पट्टीत सु. ३.६ पट ताण द्यावा लागतो. दोन्ही पट्ट्या हाताच्या एकाच अंदाजाने आवळल्यास मोठे तोंड सैल राहते वा लहान तोंड चिरडते, याचे कारण हेच होय.

दुसरी अडचण घर्षणाची असते. पट्टी एका टोकाने ओढली असता रबराशी होणाऱ्या घर्षणामुळे ताण पुढेपुढे कमी होत जातो. घर्षणांक ०.३ धरल्यास संपूर्ण वेढ्याच्या दुसऱ्या टोकाशी मूळ ताणाच्या केवळ सु. १५% ताण उरतो. पट्टी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आत ओढली गेली, तर सर्वांत दूरच्या म्हणजे समोरच्या बिंदूपाशी तो सु. ३९% असतो. म्हणून दोन्हीकडून आवळणारी पकड अधिक विश्वसनीय ठरते. एका बाजूने ओढावयाची पट्टी वापरल्यास ती टप्प्याटप्प्याने आवळतात आणि प्रत्येक टप्प्यास भोवताली हलकेच ठोकून ताण सर्वत्र पसरू देतात.

तिसरी गोष्ट म्हणजे रबराचे शिथिलन. सतत दाबाखाली राहिलेले रबर हळूहळू नमते व त्याचा प्रतिदाब घटतो. पट्टीच्या अंगी थोडी स्थितिस्थापकता असेल, तरच ही घट भरून निघते.

पकडींचे प्रकार : (१) कानाची पकड : ही पोलादी पट्टी वर्तुळाकार असून तिचा एक भाग कानासारखा उंच उठलेला असतो. बोथट जबड्याच्या खास पक्कडीने कान चिमटला, की पट्टीचा परीघ कमी होतो. ताण दोन्ही बाजूंनी येतो आणि चिमटलेला कान स्प्रिंगेप्रमाणे थोडा लवचिक राहून रबराचे शिथिलन भरून काढतो. साध्या कापणाऱ्या पक्कडीने कान दाबल्यास त्यास चीर पडून तो पुढे तुटतो. (२) दुमडपट्टी : हिचे मोकळे टोक अडणीतून ओवून ओढतात, मागे दुमडतात व अडणीचे पाख त्यावर ठोकून बसवितात. ही अनेक व्यासांना चालते. मात्र वर सांगितल्याप्रमाणे तिचा ताण असमान राहण्याचा संभव असतो. मोकळे टोक फिरण्याच्या दिशेच्या मागे राहील अशी ती बसवितात. अन्यथा एखाद्या अडथळ्यास लागून ती उकलू शकते. (३) अडकणारी सपाट पकड : हिला उंचवटा जवळजवळ नसल्याने अडचणीच्या जागी ती उपयुक्त असते. हुक व खाच यांत अडकवून ती बंद करतात. (४) आक्रसकडे : हे अखंड धातूचे कडे कारखान्यात यंत्राने सर्व बाजूंनी दाबून लहान करतात. दाब अत्यंत समान मिळतो, परंतु ते पुन्हा वापरता येत नाही. (५) स्क्रूची पकड : पाण्याच्या नळीवर वापरतात तशी ही पकड सहज मिळते. मात्र तिची स्क्रूपेटी एका बाजूस जड असते, तिच्याखाली दाब असमान पडतो आणि फिरताना ती शेजारच्या भागांना लागू शकते. म्हणून चालक दंडावर ती कायमची ठेवू नये. (६) तार व नायलॉनची पट्टी : पूर्वी काही गाड्यांत मऊ लोखंडी तारेचे वेढे दिले जात. बारीक तार रबरात रुतून ते कापते, तर नायलॉनची पट्टी उष्णतेने व सततच्या ताणाने सैल होते. हे दोन्ही उपाय गाडी जवळच्या दुरुस्तीशाळेपर्यंत नेण्यापुरतेच समजावेत.

बसविण्याची रीत : प्रथम जुन्या पट्ट्या कापून आवरण काढतात व सांध्याची परीक्षा करतात. जुने ग्रीज दोन बोटांमध्ये चोळून पाहिल्यास त्यात वाळू आहे की नाही ते कळते. ग्रीज स्वच्छ असेल, तर सांधा पुसून व धुऊन पुन्हा वापरता येतो. कचकच लागत असेल, तर सांधा पूर्ण सुटा करून गोळे, पिंजरा व खाचा पहाव्या लागतात. खाचांत खड्डे वा ओरखडे आढळल्यास सांधाच बदलावा लागतो. झिजलेल्या सांध्यावर नवे आवरण चढविल्याने झीज थांबत नाही, ती केवळ दृष्टिआड होते.

लहान तोंडाची पट्टी व आवरण ही दोन्ही सांधा बसविण्यापूर्वीच दंडावर ओवून ठेवतात. दंडाच्या टोकावरील दात्यांनी आवरणाच्या कडेस चिरा पडू नयेत, म्हणून त्या भागावर चिकटपट्टी गुंडाळतात. दंडाच्या खाचेतील उघडे कडे नवे घालतात व त्यावरून सांधा मऊ हातोडीने ठोकून जागी बसवितात. मग ओढून पाहून तो अडकल्याची खात्री करतात. निर्मात्याने नेमून दिलेल्या वजनाइतकेच ग्रीज मोजून घेतात. त्यातील बराचसा भाग गोळ्यांमध्ये दाबून भरतात व उरलेला आवरणात घालतात. गोळ्यांच्या सांध्यासाठी सामान्यतः मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळे ग्रीज वापरतात. आंतर सांध्याचे ग्रीज पुष्कळदा वेगळे असते. त्यांची सरमिसळ करू नये.

यानंतरची पायरी साधी असली, तरी बहुतेक अपयश येथेच येते. पेल्यावरील व दंडावरील बैठकी आणि आवरणाच्या कडांची आतील बाजू कोरड्या फडक्याने पूर्णपणे पुसाव्या लागतात. तेथे ग्रीजचा पातळ थर राहिला, तर पट्टी कितीही आवळली तरी आवरण घसरते. आवरणाच्या कडा खोबणीत बसल्यावर त्याला पीळ पडलेला नाही हे पाहतात व मोठे तोंड आधी जखडतात. त्यानंतर सांधा नेहमीच्या कोनात व आंतर सांधा ठरवून दिलेल्या लांबीवर ठेवून लहान तोंडाची कड बोथट पात्याने क्षणभर उचलतात, म्हणजे आतील व बाहेरील हवेचा दाब सारखा होतो. हे न केल्यास आत कोंडलेली हवा गाडी तापल्यावर फुगते. २५° से. वरून तापमान ८०° से. झाले व घनफळ तेच राहिले, तर आतील निरपेक्ष दाब सु. १८% वाढतो. उलट, आवरण आखडलेले असतानाच हवा बाहेर काढून जखडल्यास ते आत ओढले जाऊन वळ्या दंडावर घासतात. हवा सम करून झाल्यावर लहान तोंडाची पट्टी आवळतात. शेवटी सांधा हाताने सर्व दिशांना वाकवून व फिरवून पाहतात. आवरण दंडावर घसरता कामा नये आणि पट्टीचा उंचवटा कोठेही लागता कामा नये. चालक दंडाच्या टोकावरील नट नवा घालून ठरवून दिलेल्या आवळ मूल्याइतका घट्ट करतात. काही शेकडो किमी. प्रवासानंतर पट्ट्यांजवळ ग्रीज पाझरले आहे काय, हे पुन्हा पहाणे इष्ट असते.

सांधा न काढता चढविता येणारी आवरणेही मिळतात. त्यांपैकी उभे चिरलेले आवरण दंडाभोवती गुंडाळून त्याची शिवण डिंकाने वा स्क्रूंनी जोडतात. शिवणीवर ग्रीजचा स्पर्शही चालत नाही आणि ती नेहमी दुबळी जागा राहते. दुसऱ्या प्रकारात अतिशय ताणले जाणारे आवरण शंकूवरून सरकवून सांध्यावर चढवितात. त्यास शिवण नसते, परंतु ताण दिलेला असल्याने त्याची भिंत पातळ राहते. दोन्ही प्रकारांत सांध्याची आतून नीट परीक्षा होत नाही.

दोष व परिणाम : आवरण फाटल्यावर सांधा लगेच निकामी होत नाही. प्रथम ग्रीज बाहेर पडते. नंतर आत गेलेली वाळू व पाणी मिळून गोळे आणि खाचा खरवडू लागतात. बाह्य सांधा झिजला, की गाडी वळताना ‘कटकट’ असा लयबद्ध आवाज येतो. आंतर सांधा झिजल्यास वेग वाढविताना गाडी थरथरते. सरळ रस्त्यावर काहीच ऐकू न आल्याने चालक निर्धास्त राहतो. झीज वाढत गेल्यास पिंजरा मोडून सांधा सुटू शकतो आणि चाकास मिळणारी शक्ती एकाएकी बंद पडते. घाटाच्या चढावर वा रहदारीत असे होणे धोक्याचे असते. ब्रिटनमधील वाहनांच्या वार्षिक तपासणीत, धूळ रोखू न शकणारे आवरण हा मोठा दोष मानला जातो व असे वाहन उत्तीर्ण होत नाही. सह्याद्रीतील घाटांत तीव्र वळणांमुळे सांधे वारंवार मोठ्या कोनात वाकतात आणि पावसाळ्यात चिखलपाणी थेट त्यांच्यावर उडते. म्हणून अशा भागांत पावसाळ्यापूर्वी व त्यानंतर आवरणे पहाणे हितावह असते.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीत एंजिन व क्लच नसले, तरी विद्युत् चलित्रापासून चाकापर्यंत शक्ती नेण्यास सामान्यतः असेच चालक दंड लागतात. शिवाय विद्युत् चलित्राचे परिबल गाडी सुटतानाच मोठे असल्याने सांध्यांवरील भारही अधिक असतो. त्यामुळे गाडीची शक्ती पुरविण्याची पद्धत बदलली, तरी वेळीच पाहिलेली भेग व नीट आवळलेली पट्टी यांचे महत्त्व कमी झालेले नाही.